पाचवा ठोका

१

शनिवार, सात फेब्रुवारी. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. अंबड औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला सोमनाथची फॅब्रिकेशनची शेड. शेडमध्ये एक जुनी मिनीबस आणि तिच्याभोवती पाच माणसं. इंजिन सुरू झालं तेव्हा गाडीच्या आत कुणीही नव्हतं. ललितने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे प्रत्येकाने हा तपशील आपापल्या सोयीने बदलला.

शनिवारी वसाहतीला सुट्टी असते. प्रेस गप्प, लेथ गप्प, रस्त्यावर कुत्री आडवी पसरलेली. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या खाली येत होत्या आणि त्यांत लोखंडाची धूळ इतकी सावकाश फिरत होती की तिच्याकडे बघत बसलं तर माणसाला झापड यावी.

मिनीबस आता मिनीबस राहिली नव्हती. सोमनाथने चार महिने खपून तिचं घर केलं होतं. ड्रायव्हरमागे ओटा आणि बेसिन, मग समोरासमोर दोन बाकं, ती रात्री जोडली की पलंग, आणि अगदी मागे, आडवा, खिडकीला लागून एक छोटा माळा. तो मैनेचा. मैना सात वर्षांची. माळ्याच्या प्लायवर तिने आधीच खडूने सूर्य काढून ठेवला होता.

इंजिन सुरू झालं तसे सावळीरामने डोळे मिटले. मैनेचा आजोबा; तिची आई भाग्यश्री हिचा बाप, ललितचा सासरा. वय सहासष्ट. त्याने अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार ठोके. एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन. गोल, भरलेले, जड ठोके. आणि मग त्या चारांच्या मधल्या फटीत एक बारीक टक.

"बंद कर," तो म्हणाला.

"काय झालं नाना?" भाग्यश्रीने विचारलं.

"पाच ठोके पडताय."

सोमनाथ खदखदून हसला. "काका, सिलिंडर चार हायेत. पाचवा काय मी घरून आणून बसवला?"

"तेच विचारतो ना मी. कुठून आणला?"

२

सावळीरामने एका कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये एकतीस वर्षं काढली. तो कारखाना आता नाही; जागेवर गोदाम आहे. दर तासाला फेरी. हातात दोन फुटांची पोलादी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी गोळा. टोक बेअरिंगवर टेकवायचं, गोळा कानामागच्या हाडाला लावायचा, श्वास धरायचा. लोखंडाच्या पोटात काय चाललंय ते हाड ऐकतं. मग तक्त्यात लिहायचं: वेळ, जागा, आणि तिसऱ्या रकान्यात दोन शब्द, आवाज नॉर्मल. किंवा ते दोन शब्द लिहायचे नाहीत आणि सुपरवायझरला उठवायचं.

निवृत्तीनंतरही सळई सुटली नाही. मखमलाबादच्या मळ्यातली मोटर असो की शेजाऱ्याची खटारा कार, लोक त्याला पाथर्डी फाट्यावरच्या घरून स्कूटरवर बसवून न्यायचे. तो ऐकायचा, एका जागी खडूने फुली मारायचा आणि चहा पिऊन परत यायचा. फुली सहसा चुकत नसे.

म्हणून लेक म्हणाली होती, "नाना, सगळ्या जगाने चांगली म्हटली तरी उपयोग नाही. तुमच्या कानाने हो म्हटलं की निघू."

लेक-जावई दोघंही लॅपटॉपवर नोकरी करणारी. महिनाअखेरीला भाड्याचा फ्लॅट सोडायचा आणि वर्षभर या गाडीत राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सावळीरामला ते पसंत नव्हतं, पण त्याचं मत कुणी मागितलं नव्हतं. मागितला होता कान. आणि एकुलती एक मुलगी आणि नात ज्यात वर्षभर झोपणार, त्या गाडीचं हो किंवा नाही त्याच्या कवटीच्या एका हाडावर येऊन बसलं होतं.

त्या कानाची एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. ऑक्टोबरात तो एकटाच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डावा कान जवळजवळ गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने ठीक. पण काका, कधीकधी नसलेले आवाजही येतील हं. घाबरायचं नाही."

तो कागद त्याने कपाटात, धोतरांच्या खाली सरकवून ठेवला.

३

रविवारपासून शोध सुरू झाला. सोमनाथने आधी पट्टा काढला, म्हणजे डायनामो आणि पाण्याचा पंप दोन्ही थांबले. इंजिन मिनिटभर चालवलं. टक होतीच. झडपांचे टॅपेट घट्ट केले, एक्झॉस्टचा पाइप बांधला, बॅटरीखालचा खुळखुळा ब्रॅकेट काढून फेकला. टक होतीच.

मग सावळीरामने जुनी युक्ती काढली. इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे. ज्या सिलिंडरची नळी सैल होईल त्याला डिझेल मिळत नाही, तो मुका होतो, आणि इंजिन लंगडतं. दोष त्या सिलिंडरमध्ये असेल तर त्याच्याबरोबर आवाजही जातो. पहिला मुका केला. तीन ठोके उरले, आणि टक. दुसरा मुका केला. तीन ठोके, आणि टक. चारही करून झाले. टकला त्यांच्यातल्या कुणाशीच देणंघेणं नव्हतं.

ललित फोन घेऊन उभा होता. ललित मुलगा वाईट नाही, पण फोनने सांगितल्याशिवाय त्याला पाऊससुद्धा ओला लागत नाही. त्याने पडद्यावरचा आलेख सासऱ्यासमोर धरला. चार टोकं, सरळ रेघ, चार टोकं.

"बघा नाना. चारच."

"जावईबापू, त्याला कान हाय का?"

"माईक आहे."

"मग माईकला बसवा गाडीत."

भाग्यश्री हसली आणि ललितही हसला. सोमनाथने मात्र ओल्या हाताने घाम पुसला. चार महिन्यांच्या कामावर कुणी असा प्रश्न उभा केला की कारागिराला तो आपल्या आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागतो.

"काका, खरं सांगू का? मला नाय ऐकू येत. एकदा पण नाय आली. तुम्ही म्हणता म्हणून मी नट फिरवतोय."

सावळीरामला त्या क्षणी धोतरांखालचा कागद आठवला.

पण एक गोष्ट त्याने ताडली होती. टक ठोक्यांच्या ठेक्यात नव्हती. ती मध्येच यायची, दहा-बारा सेकंद जायची, मग पुन्हा यायची. कधी चौदा सेकंद. यंत्र असं करत नाही. यंत्र बिघडलं तरी त्याच्या बिघाडाला शिस्त असते.

४

मंगळवारी दुपारी त्याने सळई घेऊन गाडीत पाय ठेवला. इंजिन चालू होतं. सोमनाथ बाहेर वेल्डिंग करत होता आणि त्याचा निळा उजेड पडद्यांवर भिजल्यासारखा पसरत होता. आत सगळं नवं होतं. फेविकॉलचा वास, ओट्यावरची उलटी घातलेली तीन भांडी, बाकांवरची भाग्यश्रीने शिवलेली खोळ. गाडी मंद थरथरत होती. भांडी एकमेकींना लागून बारीक किणकिणत होती. सावळीरामला वाटलं, आपण खूप वेळ उन्हात चालून एखाद्या ओळखीच्या घरात शिरलोय आणि आता बसलो तर उठवणार नाही.

त्याने ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली. इंजिनाच्या झाकणावर टक बारीक. ओट्याच्या चौकटीवर जरा मोठी. बाकाखालच्या लोखंडी चॅनलवर आणखी मोठी. आवाज इंजिनापासून लांब जाताना वाढत होता. हे उलटं आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. पत्रा कुठेतरी ढोलासारखा गुंजत असेल. मागचा माळा मोकळा आहे, पोकळी आहे, गुंजणारच.

माळ्याजवळ गुडघे टेकून त्याने सळईचं टोक प्लायच्या मागच्या पत्र्यावर ठेवलं, गोळा हाडाला लावला आणि श्वास धरला.

इंजिन खूप लांब गेलं, नदीपलीकडे चालणाऱ्या पंपासारखं. आणि मग, टक.

टकच्या मागे आणखी काहीतरी होतं. टक, मग एक अगदी बारीक खरखर, मग शांतता. ती शांतता रिकामी नव्हती.

हा आवाज सावळीरामला माहीत होता. एकतीस वर्षं दर तासाला त्याने स्वतःच तो केला होता. पोलादी टोक पत्र्याला लागतं, ती टक. हात स्थिर होईपर्यंत टोक केसभर सरकतं, ती खरखर. आणि मग ऐकणारा माणूस श्वास धरतो.

दहा-बारा सेकंद. एक जागा नीट ऐकून पुढच्या जागेवर जायला लागतात तेवढे.

पत्र्याच्या पलीकडे शेडची हवा होती. चार पावलांवर सोमनाथ वाकून वेल्डिंग करत होता. सावळीरामने खिडकीतून डोकावून खात्री करून घेतली. गाडीच्या मागे काही नव्हतं, उन्हाच्या पट्टीत फिरणारी धूळ होती.

५

बुधवारी भाग्यश्री मैनेला घेऊन आली. शाळेला सुट्टी होती. मैना थेट माळ्यावर चढली आणि खडूच्या सूर्याला पाय काढू लागली. काढताना गुणगुणत होती. कुठलंच गाणं नाही, एकाच सुरावर लोळत राहणारं ते मुलांचं गुणगुणणं.

इंजिन बंद होतं. सावळीराम बाकावर बसून सळई कपड्याने पुसत होता. त्याने सहज म्हणून टोक माळ्याच्या कडेला टेकवलं आणि गोळा हाडाला लावला.

टक.

इंजिन बंद असताना.

त्याने सळई काढली नाही. मैना डावीकडे सरकली. टक, डावीकडे. मैना खिडकीशी गेली आणि काचेवर फुंकर मारून त्यावर बोटाने रेघ ओढली. टक, खिडकीखाली. मैना गुणगुणायची थांबली. पुढची टक आलीच नाही. वीस सेकंद, तीस. मैनेने पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली आणि टक तिच्या मांडीच्या बरोब्बर खाली आली, घाईने, जागा सापडल्यासारखी.

"मैने, खाली उतर."

"का?"

"उतर म्हटलं ना!"

तो असा कधी ओरडला नव्हता. मैना रडायला लागली आणि भाग्यश्री धावत आत आली. सावळीरामने लेकीला बाहेर शेडच्या दाराशी नेलं आणि सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. इंजिनात काही नाही. मागे आहे. फिरतं. कुणीतरी ऐकतंय.

भाग्यश्रीने सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"संक्रांतीला तुमचं कपाट आवरत होते मी. तेव्हा सापडला."

सावळीरामने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? कान गेला म्हणून?"

"नाना, तुम्हाला आम्ही जाऊ नये असं वाटतंय ना? तसं सांगा. तोंडावर सांगा. मी राहीन. पण पोरीच्या गादीखाली कुणीतरी आहे असलं काही बोलू नका हो."

ती चिडली असती तर तो भांडला असता. ती गयावया करत होती. आणि खरंच, तिचं म्हणणं खोटं कुठे होतं? त्यांनी जाऊ नये असं त्याला वाटतच होतं. पहिल्या दिवसापासून. माणसाला जे हवं असतं ते कानाला ऐकू येत नाही का? डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं, नसलेले आवाज येतील.

"उद्या एक दिवस दे," तो म्हणाला. "सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला फेरी मारतो. तक्ता भरतो, नोकरीत भरायचो तसा. तक्त्यात जे येईल ते खरं. मग माझं काही म्हणणं नाय."

६

गुरुवारी त्याने वहीचं पान आखलं. वेळ, जागा, आवाज. नऊ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला गाडीतली एकेक जागा. माळा सगळ्यात शेवटी, सहाला. भीती वाटत होती म्हणून तो शेवटी ठेवला, हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही.

दहाला झाकण. आवाज नॉर्मल. अकराला गिअरबॉक्स. नॉर्मल. बारा, एक, दोन. दुपार वितळल्यासारखी झाली होती. शेजारच्या शेडमधला प्रेस एका ठेक्यात पडत होता आणि त्या ठेक्याखाली टक ऐकू येत नव्हती. कुठेच नाही. तीनला ओटा, चारला बाक. नॉर्मल, नॉर्मल. त्याला हलकं वाटायला लागलं. लेक बरोबर होती. म्हातारा कान, म्हातारी माया, बस.

पाचला मागचा चॅनल. नॉर्मल.

आणि इथे सावळीरामच्या हाताने ती गोष्ट केली जी जगात जिथे जिथे तासाचे तक्ते भरतात तिथे तिथे शेवटच्या तासाला होते. पाळी संपत आलेली असते, डबा पिशवीत गेलेला असतो, हात साबणाने धुतलेले असतात, आणि माणूस पाचची नोंद करता करता सहाचीही करून मोकळा होतो. फेरी नंतर मारूच की. नंतर बहुतेकदा कुणी मारत नाही. यावर चौकशा बसतात, अहवाल निघतात आणि ते अहवाल लिहिणारेही आपली हजेरी आदल्या दिवशीच मांडून ठेवतात. सावळीरामने मुद्दाम काही केलं नाही. हाताला सवय होती. सहा, माळा, आवाज नॉर्मल. खाली सही.

मग तो शेडमधल्या बाजेवर टेकला. तासभर होता अजून. प्रेसच्या ठेक्यावर डोळे जड झाले. झोपेत त्याला वाटलं, कुणीतरी त्याच्या कानामागच्या हाडाला काहीतरी गार टेकवतंय आणि श्वास धरतंय.

तो उठला तेव्हा पावणेसात झाले होते. जिथे गाडी उभी होती तिथे जमिनीवर तेलाचा एक गोल डाग होता.

"अहो काका, ते गेले," सोमनाथ आनंदाने म्हणाला. "साडेपाचला आले. जावयांनी तक्त्याचा फोटो काढला, ताईंनी तर सहीला हात लावला. म्हणे झोपू दे नानांना, दिवसभर दमले. दोन दिवस हातगडच्या बाजूला चक्कर मारून येतो म्हणे, चाचणी म्हणून. पोरगी किती नाचत होती!"

सावळीरामने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तो लावत राहिला.

"सहाची फेरी राहिली व्हती," तो म्हणाला.

"पण लिहिलीये की तुम्ही," सोमनाथ म्हणाला.

७

शुक्रवारी सकाळी फोन आला. सगळं छान आहे नाना, हवा गार आहे, मैनेला झोप मस्त लागली. मागे इंजिन चालू होतं. सावळीरामने फोन उजव्या कानाला दाबून धरला. एक, तीन, चार, दोन. मधली फट स्वच्छ होती.

शनिवारी दुपारी गाडी परत शेडमध्ये आली. तिघंही उतरली. उन्हाने रापलेली, केसांत धूळ, हातात बोरांची पिशवी. भाग्यश्रीने वाकून नमस्कार केला. मैनेने "आजोबा" म्हणत हात धरला. हात गरम होता, ओळखीचा होता, त्यावर खडू होता. सावळीरामचा जीव भांड्यात पडला. त्याने सोमनाथला इंजिन चालू करायला लावलं आणि दहा मिनिटं ऐकलं. चार ठोके. फक्त चार.

"सांगत होतो ना काका, चालली की बसते गाडी!" सोमनाथने सगळ्यांना चहा सांगितला.

इंजिन बंद झालं. चहा आला. तिघंही दाराशी खुर्च्यांवर बसली. ललित फोन बघत होता, भाग्यश्री मैनेला खारी बुडवून देत होती.

सावळीराम सळई घेऊन आत गेला. राहिलेली फेरी मारायची एवढंच त्याच्या मनात होतं. वहीत लिहिलेलं खरं करून टाकायचं.

माळ्यावर चादर नीट घडी करून ठेवलेली होती. खडूच्या सूर्याला आता सगळे पाय होते. संध्याकाळचं तिरकं ऊन आत आलं होतं आणि प्लाय मधासारखा दिसत होता. त्याने गुडघे टेकले, टोक पत्र्यावर ठेवलं, श्वास धरला.

टक आली नाही. खरखर नाही. धरलेला श्वास नाही. पलीकडे कुणी ऐकत नव्हतं. त्याला हसू यायला लागलं.

आणि मग खूप आतून, लोखंडाच्या जाडीच्याही पलीकडून, एकाच सुरावर लोळत राहणारं गुणगुणणं.

त्याने मान वर करून खिडकीतून पाहिलं. मैना दाराशी बसली होती. तिचं तोंड खारीने भरलेलं होतं आणि ती चावत होती. तिचे ओठ मिटलेले होते, गळा हलत नव्हता. मैना थेट खिडकीकडे, त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता, फक्त लक्ष होतं.

पत्रा आवाज धरून ठेवतो, त्याने स्वतःला सांगितलं. दोन दिवस पोरगी इथे गुणगुणली, तो पत्र्यात मुरला. तांब्याचा हंडा गुंजतो तसा. कान म्हातारा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.

गुणगुणणं थांबलं. मग आतून एका बाईचा आवाज, शब्द न कळणारा, पोरीची समजूत काढणारा. तो आवाज सावळीरामने पस्तीस वर्षं ऐकला होता. भाग्यश्री बाहेर कप विसळत होती.

त्याने सळई काढली. पुन्हा टेकवायला त्याचा हात धजेना.

८

सोमवारी ललितने विमेवाल्याला फोन केला. विमेवाला म्हणाला, गाडीत बदल केलेत, तर रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती लागेल. वसाहतीच्या तोंडाशी ट्रकांचा वजनकाटा आहे, तिथे अकरा चाळीसला गाडी चढली. तिघं गाडीत. सावळीराम मागून स्कूटरवर. त्या गाडीत बसायचं त्याने काहीतरी निमित्त करून टाळलं होतं.

काट्याच्या केबिनमध्ये मनीषा नावाची बाई असते. आवाज खणखणीत, कुणाला न ऐकणारी.

"अहो, रिकामी पायजे ना? मग तुम्ही कशाला बसलाय आत? पावती निघाली पण माझी!" तिने खिडकीतून हात हलवला. "उतरा सगळे. बाळ, तू पण."

ललित उतरला, भाग्यश्री उतरली, मैनेने उडी मारली. तिघंही काट्याच्या लोखंडी फळीवरून बाजूला येऊन उभी राहिली. मनीषाने पडद्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

"उतरले का सगळे?"

"उतरलो."

"तीन हजार चारशे साठ. आधी पण तेच होतं."

"सेन्सर अडकला असेल," ललित म्हणाला.

"माझा काटा अडकत नाय हां. आत्ता कांद्याचा ट्रक गेला तो काय डोळे मिटून मोजला मी? काका, तुम्ही चढा बरं गाडीत."

सावळीराम चढला. ओट्यापाशी उभा राहिला. मागे, माळ्याकडे, त्याने पाहिलं नाही.

"तीन हजार पाचशे पंचवीस. आता उतरा." तो उतरला. "तीन हजार चारशे साठ. बघा, चालतोय ना? आता ताई, तुम्ही चढा."

"कशाला?" भाग्यश्री म्हणाली. "पावती झाली ना?" आणि ती मैनेचं बोट धरून सावलीकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन पावत्या निघाल्या. पहिली अकरा बेचाळीसची, माणसं तीन. दुसरी अकरा सेहेचाळीसची, माणसं नाहीत. विमेवाल्याने दुसरी ठेवून घेतली आणि पहिली टाकून द्या म्हणाला. सावळीरामने ती टाकली नाही. तो काटा तपासणाऱ्या मेकॅनिककडे गेला. काटा पाच किलोपर्यंत अचूक असल्याचं त्या माणसाने लिहून दिलं. सोमनाथ म्हणतो, काका, सोडून द्या. ललित म्हणतो, नानांना चांगल्या डॉक्टरला दाखवू. घरच्या वजनकाट्यावर उभं राहा म्हटलं की ललित हसतो आणि विषय बदलतो.

वर्षभर फिरायचा बेत त्यांनी रद्द केला आहे. कारण विचारलं तर म्हणतात, कंटाळा आला. भाड्याचा फ्लॅटही सोडलेला नाही. गाडी विकायला काढली आहे. घोटीचा एक माणूस दोनदा बघून गेला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा किल्ली सापडली नाही. ती सावळीरामच्या कनवटीला आहे आणि लेकीने तीनदा मागूनही त्याने दिलेली नाही. रोज संध्याकाळी सहाला तो शेडमध्ये जातो, माळ्यापाशी गुडघे टेकतो आणि पत्र्याशी हलक्या आवाजात बोलतो. आज बाजारात काय भाजी आली ते सांगतो. मग सळई टेकवतो. काय ऐकू येतं ते तो आता कुणाला सांगत नाही. तक्ताही भरत नाही.

सावळीराम उतरला तेव्हा काटा पासष्ट किलोंनी खाली आला. ललित चौऱ्याहत्तर किलोंचा, भाग्यश्री अठ्ठावन्न, आणि मैना, शाळेच्या जानेवारीतल्या तपासणीप्रमाणे, एकवीस. ही तीन माणसं गाडीतून उतरली आणि गाडीचं वजन पाच किलोंनीही उतरलं नाही, याचा खुलासा आजवर कुणीही केलेला नाही.